जुनी फटफटी आणि नवा दिवा

बेळगाव शहर सोडून खानापूरच्या दिशेने निघालेला प्रवासी उद्यमबाग आणि पिरनवाडी मागे टाकून मच्छे गावाच्या शिवारात येतो, तेव्हा जुन्या आणि नव्या जीवनाचा शेजार त्याच्या सहज नजरेत भरतो. इकडे भाताची खाचरे, कौलारू घरे आणि गोठे. तिकडे लेथयंत्रांचे कारखाने, ओतशाळांच्या पत्र्याच्या शेडी आणि १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार. या दोहोंना जोडणाऱ्या एखाद्या वस्तूचे नाव घ्यावयाचे झाल्यास ते फटफटीचेच घ्यावे लागेल. पहाटे दुधाचे कॅन शहराकडे नेणारी तीच, आणि रात्रपाळी सुटल्यावर कामगाराला त्याच्या गावी पोहोचविणारीही तीच.

या फटफट्या सगळ्याच काही नव्या नसतात. वडिलांनी उमेदीच्या काळात घेतलेली गाडी मुलाने चालवावी, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मद्रासेत १९५५ साली स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडिया कंपनीची बुलेट, म्हैसूरच्या कारखान्यातून बाहेर पडलेली जावा व तिच्यामागून आलेली येझदी, खेड्यापाड्यांतून वर्षानुवर्षे राबलेली राजदूत, १९८५ साली अवतरलेली यामाहाची आरएक्स १०० ही नावे या भागात अद्याप आपुलकीने घेतली जातात. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला. पण त्याने घडविलेल्या गाड्या कोणाच्या तरी पडवीत अजून उभ्या आहेत आणि पहिल्या दुसऱ्या लाथेला सुरूही होतात. त्यांचे इंजिन साथ देते, सांगाडा साथ देतो. साथ देत नाही तो एक दिवा.

जुन्या फटफटीच्या दिव्याची तक्रार खरी आहे. तो पिवळसर असतो, गाडी थांबली की मंदावतो आणि खड्डा आला की डोळा मिचकावल्यासारखा थरथरतो. बेळगाव-खानापूर हा रस्ता आज गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ७४८ म्हणून ओळखला जातो. त्या रस्त्यावर रात्री अवजड मालमोटारी धावतात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की सीमाभागातील अशा अनेक वाटांवर उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मागच्या दिव्यावाचून उभ्या असलेल्या आढळतात. अशा प्रसंगी दहा पावले अगोदर दिसणे व न दिसणे यांत एका कुटुंबाचे सुखदुःख सामावलेले असते. म्हणूनच एखाद्या तरुणाने बाजारातून पांढराशुभ्र एलईडी दिवा आणून आपल्या जुन्या गाडीत बसवावयाचे मनात आणले, तर त्याला हौशी म्हणून हिणवणे योग्य होणार नाही. त्याची गरज रास्त आहे. मात्र ती गरज कोणत्या मार्गाने पुरी होते आणि कोणत्या मार्गाने नवे संकट ओढवते, याचा विचार शांतपणे व्हावयास हवा.

एलईडी म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. जुन्या बल्बमध्ये टंगस्टन धातूची बारीक तार असते. विजेने ती इतकी तापते की प्रकाशू लागते. तिला दिलेल्या शक्तीचा फार मोठा भाग उष्णतेत खर्ची पडतो. प्रकाश हा जणू त्या उष्णतेचा वरकड लाभ होय. एलईडीत तार नसते. अर्धवाहक पदार्थाच्या एका लहानशा तुकड्यातून वीज वाहू लागली की त्या तुकड्यातूनच प्रकाश बाहेर पडतो. लाल प्रकाश देणारा असा दिवा अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ साली तयार केला. निळा प्रकाश मिळविण्यास मात्र पुढे तीस वर्षे लागली. जपानमधील इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी ते कोडे सोडविले आणि २०१४ साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज जो पांढरा एलईडी दिसतो, तो बहुतांशी निळाच असतो. त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप असल्यामुळे डोळ्याला तो पांढरा भासतो. एका वॅटमागे त्याचा प्रकाश तारेच्या बल्बच्या कित्येक पट असतो. आपल्या घरांतून २०१५ सालच्या उजाला योजनेनंतर जुने बल्ब झपाट्याने हद्दपार झाले, ते याच कारणाने.

परंतु घर आणि फटफटी यांत मोठे अंतर आहे. घरातील दिव्याला वीज ठरावीक दाबाने मिळते आणि त्याने सर्व दिशांना उजेड पाडावा एवढीच अपेक्षा असते. फटफटीचा दिवा स्वतःच्या इंजिनावर पोसला जातो आणि त्याने नेमक्या एका दिशेस उजेड पाडावयाचा असतो. घरातला बल्ब बदलण्याइतके हे काम सोपे नाही, त्याचे मूळ येथे आहे.

जुना दिवा मंद का झाला, हा पहिला प्रश्न होय. पुष्कळदा दोष दिव्यात नसतोच. तारेच्या बल्बचा एक स्वभाव आहे. त्याला मिळणारे व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले, तर त्याचा प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. चाळीस वर्षांच्या गाडीत गंजलेला होल्डर, झिजलेले स्विच, हिरवट पडलेली तांब्याची तार आणि रंगाच्या थरावर बसविलेले अर्थिंग या प्रत्येक ठिकाणी थोडेथोडे व्होल्टेज गळत राहते. बॅटरीपाशी १२ व्होल्ट असतात आणि बल्बपाशी जेमतेम १० पोहोचतात. दोष देतो तो मात्र आपण बल्बला! यास्तव जाणता मिस्त्री प्रथम मीटर हाती घेतो. दिवा लावलेल्या स्थितीत बॅटरीपाशी आणि होल्डरपाशी किती व्होल्ट भरतात, हे तो मोजतो. या दोहोंत एका व्होल्टहून अधिक फरक आढळला, तर होल्डर घासून, अर्थिंगची नवी तार ओढून आणि शक्य तेथे रिले बसवून मूळचाच दिवा उजळतो. या दुरुस्तीस फार पैसा लागत नाही, चिकाटी लागते. शिवाय पुढे एलईडी बसवावयाचा असला, तरी हे काम आधी झालेले बरे. एलईडीला प्रवाह थोडा लागतो खरा. पण तुटक जोड त्यालाही मानवत नाहीत.

दुसरा प्रश्न वीज कोठून येते हा आहे. जुन्या गाड्यांत याबाबत एकवाक्यता नाही. जुनी जावा आणि त्या पिढीच्या कित्येक गाड्या ६ व्होल्टच्या आहेत. नंतरच्या १२ व्होल्टच्या. बाजारातील एलईडी बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि ६ व्होल्टवर तो पेटत नाही किंवा मिणमिणतो. काही गाड्यांचा पुढचा दिवा बॅटरीवर चालतो, तर काहींचा थेट इंजिनातील मॅग्नेटोच्या कॉइलवर. बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते. तिला मिस्त्री डीसी म्हणतात. कॉइलची वीज क्षणाक्षणाला दिशा पालटते. ती एसी होय. तारेच्या बल्बला या भेदाचे सोयरसुतक नसते. कारण तार तापली म्हणजे त्याचे काम झाले. एलईडी मात्र एकाच दिशेने वाहणारी वीज स्वीकारतो. एसीवर तो निम्मा वेळ विझलेला राहतो, इंजिन मंद असता डोळ्यांना जाणवेल इतका लुकलुकतो आणि उलट्या दाबाचे संरक्षण त्यात नसेल, तर लवकरच निकामी होतो.

गाडीचा दिवा कशावर चालतो, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी व दिवा लावून पाहावा. दिवा लागला, तर तो बॅटरीवर आहे. इंजिन सुरू झाल्यावरच लागला आणि ॲक्सिलरेटर पिळताच उजळला, तर तो बहुधा कॉइलवर आहे. अशा गाडीत एलईडी घालण्यापूर्वी एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर आणि दाब आवरणारा रेग्युलेटर यांची सोय करावी लागते. कित्येकदा कॉइलचे अर्थिंगही सांगाड्यापासून सोडवून घ्यावे लागते. हे काम ज्याला नकाशा वाचता येतो अशा वायरमनचे आहे. अंदाजपंचे तारा जोडणाऱ्याचे नव्हे.

याच ठिकाणी जुन्या मॅग्नेटोची एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या गाड्यांत दाब आवरणारा स्वतंत्र भाग नव्हता, त्यांत बल्ब हेच दाब आवरण्याचे काम करीत. पुढचा आणि मागचा असे दोन दिवे मिळून कॉइलची सारी वीज खाऊन टाकीत, म्हणून दाब हाताबाहेर जात नसे. जुन्या राजदूतवाल्यांना ठाऊक असते की, एक बल्ब उडाला की लागलीच दुसराही उडतो. त्याचे कारण हेच. आता अशा गाडीत मागच्या बल्बच्या जागी अगदी थोडी वीज घेणारा एलईडी बसविला, तर उरलेली वीज जाणार कोठे? ती पुढच्या बल्बवर जाऊन आदळते आणि वेगात असतानाच पुढचा दिवा जातो. वीज वाचविण्याच्या हेतूने केलेला बदल भर रस्त्यात काळोख करतो. म्हणून अशा गाडीत रेग्युलेटर प्रथम, एलईडी नंतर, हा क्रम मोडू नये.

जुन्या ब्रिटिश धाटणीच्या काही गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला न जोडता धन टोक जोडलेले असते. तेथे साधा एलईडी उलटा बसतो आणि पेटतच नाही. बिचारा ग्राहक दिवा खराब निघाला म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालतो! बॅटरीवरील खुणा आधी पाहून घेतल्यास ही वादावादी टळते.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर बदल कोठून आरंभावा? पुष्कळांची नजर पुढच्या दिव्याकडे जाते. वस्तुतः आरंभ मागून करणे शहाणपणाचे आहे. फटफटीस्वाराला पुढचे दिसणे जितके अगत्याचे, तितकेच मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकाला तो स्वतः दिसणे अगत्याचे आहे. मागच्या बल्बमध्ये साधारणतः दोन तारा असतात: एक ५ वॅटची नेहमीची आणि दुसरी २१ वॅटची ब्रेकची. या दोन प्रकाशांतील अंतर ही एक भाषाच आहे. मागच्याने ती वाचावयाची असते. स्वस्त एलईडीत हे अंतर पुरेसे नसते. दिवा सदाच झगझगीत दिसतो आणि ब्रेक दाबला काय, न दाबला काय, मागच्याला कळत नाही. म्हणून दिवा विकत घेताना दोन्ही प्रकाश पेटवून, दूर उभे राहून, पारखून घ्यावेत. फरक स्पष्ट दिसला तरच तो दिवा घ्यावा. तारेला तापण्यास जो क्षणाचा अंश लागतो, तो एलईडीला लागत नाही, आणि मागच्या वाहनाच्या चालकाला तेवढा अवधी जादा मिळतो. हा एलईडीचा खरा लाभ होय.

रंगाचेही तसेच आहे. लाल काचेमागे पांढरा एलईडी घातल्यास त्याचा बराचसा प्रकाश काच गिळून टाकते. कारण त्या पांढऱ्यात निळा व पिवळा अंश अधिक आणि लाल अंश थोडा असतो. लाल काचेमागे लाल एलईडीच शोभतो. पण जुन्या गाडीत हाच मागचा दिवा खालच्या पारदर्शक पट्टीतून नंबराच्या पाटीवरही उजेड पाडीत असतो. त्या पाटीवर पांढरा प्रकाश पडावा असा नियम आहे. म्हणून ज्या दिव्यात मागे लाल आणि खाली पांढरे ठिपके असतात, तोच निवडावा. अन्यथा पाटीसाठी लहानसा वेगळा दिवा द्यावा.

यानंतर वळणाचे दिवे, म्हणजे इंडिकेटर. जुन्या फ्लॅशरच्या पोटात दोन धातूंची एक पट्टी असते. बल्बकडे जाणाऱ्या प्रवाहाने ती तापते, वाकते, जोड तोडते. निवली की पुन्हा जोडते. तिच्या तापण्यानिवण्यातून ती ओळखीची टिकटिक जन्मास येते. एलईडी इतका थोडा प्रवाह घेतो की पट्टी तापतच नाही, आणि इंडिकेटर लुकलुकण्याऐवजी स्थिर जळत राहतो. नंतरच्या काळातील काही फ्लॅशर याउलट बल्ब उडाला असे समजून अतिशय जलद टिकटिकतात. यावर काही जण जाड रोधक जोडून फ्लॅशरची समजूत घालतात. पण मग वाचविलेली वीज त्या रोधकाच्या उष्णतेत जाते आणि खटाटोप व्यर्थ ठरतो. एलईडीसाठी बनविलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसविणे हाच सरळ उपाय आहे. स्पीडोमीटरजवळ डाव्याउजव्या दोन्ही बाजूंसाठी एकच खुणेचा दिवा असेल, तर त्यातून थोडी वीज पलीकडच्या बाजूस जाते आणि चारही इंडिकेटर एकदम लुकलुकू लागतात. दोन लहान डायोड जोडल्याने हा घोटाळा मिटतो. डावीकडे वळणाऱ्याने चारही दिशांना खुणावणे म्हणजे काहीच न सांगण्यासारखे आहे.

आता पुढचा दिवा. येथे बल्ब एकटा काम करीत नाही. त्याच्यामागे वाटीसारखा खोलगट आरसा असतो आणि पुढे रेघारेघांची काच. बल्बमधील तार आरशाच्या ज्या बिंदूपाशी असावयास हवी, ती जागा मिलिमीटरच्या हिशेबाने ठरविलेली असते. हॅलोजनच्या एच ४ जातीच्या बल्बमध्ये दोन तारा असतात. त्यांपैकी जवळच्या प्रकाशाच्या तारेखाली धातूची एक इवलीशी झापड असते. त्या झापडीमुळे आरशाच्या खालच्या भागावर प्रकाश पडत नाही. आणि म्हणूनच समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांकडे झेपावणारे किरण निर्माणच होत नाहीत. आपल्याकडे वाहने डाव्या अंगाने चालतात, त्यानुसार हा झोत डाव्या कडेकडे किंचित वर चढतो. म्हणजे रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसतो आणि समोरचा स्वार दिपत नाही.

अशा आरशात एलईडी बसविला म्हणजे तारेच्या जागी एक जाडसर पट्टी आणि तिच्या दोन अंगांस चिकटविलेले प्रकाशाचे तुकडे येतात. ते तुकडे तारेच्या नेमक्या जागी, तेवढ्याच आकाराचे आणि झापडीसह असतील, तर झोत बराचसा पूर्वीसारखा राहू शकतो. ते मिलिमीटरभर पुढेमागे झाले किंवा पट्टी वाकडी बसली, तरी झोत फिसकटतो. अशा वेळी स्वाराची मोठी फसगत होते. गाडीच्या अगदी पुढ्यातील जमीन पांढरीफेक दिसते, त्यामुळे दिवा फार उत्तम झाला असे त्याला वाटते. जवळच्या त्या लखलखाटाला सरावलेला डोळा दूरच्या काळोखात मात्र अधिकच आंधळा होतो. जेथे उजेड हवा तेथे तो पोहोचत नाही, आणि जेथे नको तेथे, म्हणजे समोरच्या माणसाच्या डोळ्यांत, तो जाऊन बसतो.

समोरच्या माणसाचे काय होते, हे आकड्यांत मांडता येईल. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी फटफटी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. डोळे दिपल्यावर पुन्हा नीट दिसू लागण्यास तीन सेकंद लागले असे धरले, तर तो स्वार ४० मीटरांहून अधिक वाट डोळे असून न पाहता चालतो. तेवढ्या वाटेत एखादे गुरू आडवे यावे, सायकलस्वार असावा, पावसाने पाडलेला खड्डा असावा! वय वाढते तसा डोळा दिपण्यातून सावरण्यास अधिक वेळ घेतो, आणि ज्यांना मोतीबिंदू होऊ लागला आहे त्यांच्या डोळ्यांत तर प्रकाश विखरून सगळीकडे पांढरे होते. तरुण आपल्या दिव्याच्या बळावर निर्धास्त जातो आणि त्याच रस्त्याने बाजार उरकून परतणारा वृद्ध त्याच दिव्यामुळे चाचपडतो. हा हिशेब दिवा विकत घेताना कोणी मांडत नाही.

पावसाळा हा मच्छे परिसराचा खरा परीक्षक आहे. पिरनवाडीहून जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ला घाटाकडे जाणारी वाट आणि खानापूरमार्गे अनमोड घाटाकडे जाणारी वाट, या दोन्ही सह्याद्रीच्या दाट पावसात व धुक्यात शिरतात. पिवळा प्रकाश धुके भेदतो आणि पांढरा भेदत नाही, असा एक लोकसमज आहे. धुक्याचे जलकण इतके मोठे असतात की रंगाने तेथे फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो झोत किती खाली आणि किती आटोपशीर आहे याने. फिसकटलेला झोत धुक्यावर आदळून स्वाराच्याच तोंडावर परततो आणि पुढे पांढरी भिंत उभी राहते. हे खरे असले, तरी अतिशय निळसर दिवा डोळ्यांना अधिक खुपतो. म्हणून ज्याचा रंग दुधाळ किंवा किंचित पिवळसर आहे, असा दिवा घाटवाटेच्या प्रवाशाने पसंत करावा.

उष्णतेची बाबही पावसाशीच निगडित आहे. तारेचा बल्ब आपली उष्णता पुढे फेकतो, त्यामुळे काचेच्या आतील दमटपणा आपोआप वाळतो. एलईडी पुढे थंड असतो आणि त्याची उष्णता मागच्या बाजूने बाहेर काढावी लागते. त्यासाठी त्याच्या पाठीशी धातूचे कंगोरे किंवा लहानसा पंखा असतो. जुन्या हेडलाइटच्या डब्यात आधीच तारांची गर्दी; तेथे हा पंखा कोंडला गेला, चिखलाने किंवा धुळीने अडला, की एलईडी आतल्या आत तापून अकाली मंद होतो. तो वर्षानुवर्षे टिकतो ही ख्याती थंड राहिलेल्या एलईडीची आहे.

तर मग पुढच्या दिव्याला हातच लावू नये काय? तसे नाही. वायरिंग दुरुस्त करून कंपनीने नेमून दिलेल्या वॅटचा चांगला हॅलोजन बल्ब घालणे, हा पहिला आणि बहुतेकांना पुरेसा पडणारा मार्ग आहे. त्याहून अधिक वॅटचा बल्ब घालण्याचा मोह मात्र टाळावा. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे तीन अँपियर प्रवाह घेतो. १०० वॅटचा आठांहून अधिक. तेवढ्याने जुनी तार तापते, होल्डर वितळतो आणि बॅटरी रिकामी होते. दुसरा मार्ग, एलईडीसाठीच घडविलेला, स्वतःचा आरसा व भिंग असलेला संपूर्ण दिवा बसविण्याचा. तो महाग पडतो आणि त्याला डीसी वीज लागते; पण त्याचा झोत कागदावर आखून तयार केलेला असतो. जुन्या आरशात नुसता नवा बल्ब खोचण्यापेक्षा हा मार्ग शास्त्रशुद्ध आहे. तथापि तो दिवाही मंजुरीप्राप्त आणि डाव्या अंगाच्या वाहतुकीसाठी बनविलेला आहे, याची खात्री करून घ्यावी.

कायद्याची बाजूही ओळखून असावे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम वाहनाच्या मूळ तपशिलात मनमानी फेरफार करण्यास प्रतिबंध करते. २०२४ सालच्या जुलै महिन्यात कर्नाटक पोलिसांनी डोळे दिपविणाऱ्या एलईडी दिव्यांविरुद्ध राज्यभर मोहीम उघडली होती. मोटारींच्या शास्त्रात अग्रेसर असलेल्या जर्मनीतही हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडीला २०२० साली प्रथम संमती मिळाली, ती ठरावीक दिव्यांना आणि त्यांची परीक्षा झालेल्या ठरावीक गाड्यांपुरतीच. कोणता बल्ब कोणत्या आरशात कसा झोत पाडतो हे प्रत्येक जोडीगणिक तपासावे लागते, हेच त्या संमतीचे मर्म आहे. पाकिटावर काय छापले आहे यावरून ते ठरत नाही.

अशी परीक्षा आपल्या अंगणातही घेता येते. सपाट जागी, भिंतीपासून दहा मीटरांवर गाडी सरळ उभी करावी. चाकांत हवा पुरेशी असावी आणि गाडीवर नेहमीचा स्वार बसलेला असावा. कारण त्याच्या वजनाने मागचा भाग दबतो व झोत वर उचलला जातो. जमिनीपासून हेडलाइटच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर त्या उंचीवर खडूने आडवी रेघ ओढावी. मग डिपर दाबून जवळचा प्रकाश लावावा. त्याची वरची कड रेघेच्या खाली राहिली पाहिजे आणि ती कड स्पष्ट दिसली पाहिजे. जुना बल्ब असताना तिची खूण करून ठेवावी, नवा बसविल्यावर पुन्हा पाहावे. नव्या दिव्याचा उजेड रेघेच्या वर सांडत असेल किंवा कडच उरली नसेल, तर तो दिवा त्या आरशाचा नव्हे. हेडलाइट खाली वाकवून हा दोष झाकता येत नाही. कारण मग दूरचे दिसणेच बंद होते.

या साऱ्या खटपटीतून जुन्या गाडीला काय लाभते, तेही सांगितले पाहिजे. मागचा दिवा आणि इंडिकेटर योग्य रीतीने बदलले, म्हणजे बॅटरीवरचा भार पुष्कळच हलका होतो. इंजिन मंद असताना ब्रेक धरून, इंडिकेटर देऊन, चौकात उभ्या असलेल्या जुन्या गाडीचे दिवे विझू विझू होत; तो प्रकार थांबतो. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी तार तुटण्याचे भय राहत नाही. वाचलेली वीज पुढच्या दिव्याच्या वाट्यास येते, आणि दुरुस्त केलेल्या वायरिंगमधून ती पुरतेपणी पोहोचली म्हणजे जुना हॅलोजनही नव्या तेजाने जळतो. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचे पुढचे दिवे दिवसाही आपोआप पेटते राहतात, ते त्या इतरांना दिसाव्यात म्हणून. जुन्या गाडीला ही सोय नाही. पाऊस अंधारून आला असता तिच्या स्वाराने आपण होऊन दिवा लावला, तर तो लाभ त्यालाही मिळतो.

श्रोतेहो, मच्छे आणि उद्यमबागेतील कारखान्यांत सूतभर फरकासाठी यंत्राचा भाग नाकारणारे कसबी कारागीर काम करतात. मिलिमीटर म्हणजे काय हे त्यांना शिकवावे लागत नाही. तीच दृष्टी त्यांनी कारखान्याच्या दाराशी उभ्या केलेल्या स्वतःच्या फटफटीकडे वळविली, तर दिव्याची खरेदी पाकिटावरील झगमगीत चित्र पाहून होणार नाही. आधी व्होल्टेज मोजले जाईल, मग तारा दुरुस्त होतील, मग मागचा दिवा, मग इंडिकेटर आणि सर्वांच्या शेवटी पुढचा. आणि तो पुढचा दिवा कसा झाला, हे विचारण्यासाठी गाडीचा मालक दुसऱ्या कोणाला तरी गाडीवर बसवील, पन्नास पावले पुढे चालत जाईल आणि समोरून येणाऱ्याच्या जागी उभा राहून त्या उजेडाकडे एकदा पाहील.